बांधाचा शेजारी

रविवारच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे मिळून मोठ्यानं म्हणायचे. रोजची भाकर मागून झाली की पुढं क्षमेची ओळ येते. आम्ही दुसऱ्यांना माफ केलंय, तसं तूही आम्हाला कर, अशा अर्थाची. त्या ओळीला अण्णा गप्प व्हायचे. ओठ मिटून उभे राहायचे आणि पुढची ओळ आली की परत आवाज लावायचे. मी त्यांना खेटून उभा असायचो, नऊ-दहा वर्षांचा. आधी वाटलं, अण्णांना तेवढं येत नाही. पण डोंगरावरचं प्रवचन तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढी एक ओळ येऊ नये?

आमच्या पुढच्याच रांगेत तात्या असायचे. अण्णांचे चुलतभाऊ, आणि आमच्या शेताचे बांधकरी.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, मग हळूहळू खेडोपाडी शाळा निघाल्या, चर्च उभी राहिली. आमच्या पणज्याचा बाप्तिस्मा त्याच ओघातला. म्हणजे चार पिढ्या आम्ही शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ऐकत आलोय. बायबलात ‘प्रेम’ नाही, ‘प्रीती’ आहे. हा शब्द आमच्याकडं चर्चच्या बाहेर कुणी वापरत नाही. रविवारच्या सदऱ्यासारखा तो घरी आलं की खुंटीला लागतो.

आणि शेजारी म्हणजे कोण? शहरात शेजारी दाराला दार लागून असतो, पटलं नाही तर दार लावून घेता येतं. गावात शेजारी म्हणजे ज्याचा बांध तुमच्या बांधाला लागलाय तो. बहुतेक वेळा तो भावकीतलाच असतो, कारण जमीन एकाच आजोबाची, वाटण्या पडत पडत अडीच एकरावर आलेली.

आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही घरांची चूल एकच होती. अण्णा आणि तात्या एकाच दुष्काळी कामावर खडी फोडत. मिळालेला मिलो आणि सुकडी मधे ठेवून पोरांची तोंडं मोजून वाटत. तेव्हा बांधाकडं कोण बघतंय? दोन्ही बाजूंना सारखीच धूळ. पुढं मुळेच्या पाटाचं पाणी फिरलं, ऊस आला आणि वीतभर मातीला किंमत आली. मला नेहमी वाटतं, प्रीतीची खरी परीक्षा दुष्काळात होत नाही, पाणी आल्यावर होते.

ज्यांना शेतीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांध कुणी एका रात्रीत फोडत नाही. दर नांगरटीला फाळ चार बोटं आत घालायचा. बांध बारीक झाला की मागच्या बाजूनं, म्हणजे दुसऱ्याच्या रानात, माती टाकून तो परत जाड करायचा. दहा-बारा वर्षांत उसाची एक अख्खी सरी इकडची तिकडं होते. हद्दीचा दगड असतोच, पण तोही कधीतरी पावसानं ‘वाहून’ जातो. अण्णांनी दोनदा मोजणी आणली. दोन्ही वेळा खुणा रोवल्या, दोन्ही वेळा त्या पुढच्या पेरणीपर्यंतच टिकल्या.

एकदा शहरातून आलेल्या पाळकसाहेबांनी चांगल्या शोमरोन्यावर उपदेश केला. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला टाळून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला तो परका. घरी येताना मी अण्णांना विचारलं, “आपण तसं नाही का करायचं?” अण्णा चालता चालता म्हणाले, “बाळा, त्या शोमरोन्यानं जखमा बांधल्या, उतारशाळेत पैसे दिले आणि तो आपल्या वाटेनं गेला. त्याचं रान त्या माणसाच्या बांधाला लागून नव्हतं.”

हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं माझं म्हणून वापरलं. लांबच्यावर प्रीती करणं खरंच सोपं असतं. कुठं पूर आला, भूकंप झाला, की आम्ही अर्पणाच्या थैलीत हात सैल सोडायचो, आणि त्यात लबाडी नव्हती. पण पूरग्रस्त माणूस सकाळी आपल्या पाटाचं पाणी फोडून घेत नाही.

मग एका वर्षी तात्या बैलगाडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. गहू सोंगायला आलेला, वर आभाळ भरलेलं आणि त्यांची पोरं लहान. अण्णा रात्रभर ओट्यावर बसून होते. पहाटे त्यांनी विळे काढले, आम्हाला उठवलं आणि आम्ही सगळे तात्यांच्या रानात गेलो. दोन दिवसांत गहू सोंगून, पेंढ्या बांधून झाकून टाकला. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या. तात्यांच्या घरात अण्णांनी पाऊल टाकलं नाही, की चहाही घेतला नाही.

आता सगळं मिटलं, असं मी धरून चाललो. पण त्या रविवारी ती ओळ आली आणि अण्णा पुन्हा गप्प.

घरी आईनं विषय काढला. “आवो, गहू सोंगला, मंग तेवढी ओळ म्हणायला काय झालं?”

“हातानं सोंगला. मनानं नाही. देवापुढं खोटं कसं बोलू?”

“मन यायचं तव्हा येईल. म्हणता म्हणता बी येतं. न म्हणायचा तुम्हाला गर्व झालाय.”

यात कोण बरोबर, हे मला आजही धड सांगता येत नाही. तरुणपणी मी अण्णांच्या बाजूचा होतो. एक तर ज्याची सरी गेली त्यालाच ‘प्रीती कर’ म्हणायचं, हे मला कायम खुपतं. ज्यानं बांध कोरला त्याला उपदेश कोण करणार? अण्णांनी मोजणीही सोडली नाही आणि गहूही सोडला नाही. माफी म्हणजे हक्क सोडणं नव्हे, हे त्यांनी न बोलता दाखवलं. शिवाय मन हुकमानं वळत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. त्यांच्या मनातलं सोवळं कसकसं सुटलं ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवाछपवी न करता सांगितलंय. त्यांच्यासारख्या बाईला वर्षं लागली, तर बाकीच्यांनी एका उपदेशात पालटावं कसं?

पण आईचं म्हणणंही आता पटतं. पुढं बायबलचा अभ्यास करताना मला कळलं की यहुदी आणि शोमरोनी हे परके नव्हतेच. पूर्वज एकच, मोशेचं नियमशास्त्र एकच. भांडण होतं ते उपासना कुठल्या डोंगरावर करायची याचं, गरिज्जीम की यरुशलेम. शोमरोन्यांचं गरिज्जीमवरचं मंदिर यहुद्यांनी ख्रिस्ताच्या आधी शंभरावर वर्षं पाडलं होतं. म्हणजे ती भावकीच होती आणि बांधही लागूनच होता. त्या शोमरोन्यानं जखम बांधली ती बांधकऱ्याचीच. हे अण्णांना सांगायला हवं होतं. पण मला कळेपर्यंत ते गेले होते.

अण्णांची कबर खोदायला तात्या आले. सत्तरीचा माणूस, त्यात मोडलेली मांडी. पोरांनी नको म्हटलं तरी कुदळ सोडेनात. माती लोटून झाल्यावर कडुनिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “तुझा बाप त्या ओळीला गप्प बसायचा. मला पुढं बसून ऐकू यायचं.”

मी विचारलं, “मग तुम्ही काय करायचा तात्या?”

“काय करणार? मी मोठ्यानं म्हणायचो.”

त्यानंतर तेही फार दिवस राहिले नाहीत. आता बांधाच्या पलीकडं त्यांचा मुलगा आहे, आणि त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरचा फाळ चार बोटांवर थांबत नाही. गेल्या महिन्यात मी मोजणीचा अर्ज भरला. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं, तर आदल्या रात्री मांडवात वाढायला गेलो. त्यानं पाट दिला, मी बसलो, चहाही घेतला. रविवारी चर्चमध्ये तो माझ्या डाव्या हाताला उभा होता.