तेलाचा थेंब

हवाईतल्या पर्ल हार्बर बंदरात ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका उथळ पाण्यात बसलेली आहे. तिच्यावर, तिला कुठेही न टेकता, एक पांढरं स्मारक आडवं उभं आहे. त्याच्या कठड्यावरून खाली वाकलं, की तळातून वर येणारा तेलाचा काळा थेंब दिसतो. वर पोचला की तो पसरतो आणि उन्हात त्याचा सप्तरंगी तवंग होतो. थोड्या वेळानं दुसरा येतो. ७ डिसेंबर १९४१ पासून हे असंच चाललंय. तिथं त्याला जहाजाचे काळे अश्रू म्हणतात. मराठी माणसाला मात्र तेल आणि न भरणारी जखम म्हटलं, की अश्वत्थामा आठवतो.

ही आठवण नुसत्या तेलापुरती नाही. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा वडाखाली जागा असतो. एक घुबड झोपलेल्या कावळ्यांवर झडप घालतं, ते पाहून त्याला युक्ती सुचते. त्याच रात्री पांडवांच्या शिबिरात द्रौपदीची पाचही मुलं मारली जातात. अठरा दिवस माणसं मरतच होती. पण डाग लागला तो झोपेतल्या कत्तलीचा.

पर्ल हार्बरचा सलही असाच. रविवारची सकाळ, आठला पाच मिनिटं कमी, जहाजांवर ध्वजवंदनाची तयारी चाललेली. सहा विमानवाहू नौकांवरून उडालेली जपानची साडेतीनशेहून अधिक विमानं दोन लाटांत आली. २,४०३ अमेरिकन मेले, त्यांतले १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’वर, बॉम्बनं तिच्या पुढच्या भागातलं दारूकोठारच उडालं होतं. वाटाघाटी संपल्याचा जपानचा खलिता वॉशिंग्टनला पोचला, तो हल्ला सुरू झाल्यावर.

मग स्मरणाचंच हत्यार झालं. ‘पर्ल हार्बर आठवा’ ही घोषणा भित्तीपत्रकांवर आणि गाण्यांत उमटली. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत धाडलं गेलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. हल्ल्यानंतर लगेच होनोलुलूत पकडले गेलेल्या ‘शत्रुदेशीयां’त आल्फ्रेड प्राइस हे वास्तुकारही होते. नाझींपासून जीव वाचवून ते व्हिएन्नाहून आले होते. १९६२ मध्ये खुलं झालेलं ते पांढरं स्मारक याच प्राइस यांचं. मधे खचलेलं, दोन्ही टोकांना ताठ.

आठवण ठेवायची आणि सूड सोडायचा, हे एकाच मनात मावतं का? आणि क्षमा करायची झाली, तर ती करायची कुणी?

भागवतात याचं एक उत्तर आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीनं बांधून आणतो. भीम म्हणतो, मारा. द्रौपदी म्हणते, सोडा. मी रडतेय तशी याची आई रडायला नको. हे बोलण्याचा अधिकार तिचा होता, कारण मुलं तिची होती. तरी अश्वत्थामा कोरा सुटत नाही. कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि, लोककथा सांगते तशी, तिथं जखम राहते. प्राण सोडले, हिशेब पुसला नाही.

राष्ट्रप्रमुखांना हा अधिकार कुठून येणार? मे २०१६ मध्ये ओबामा हिरोशिमाला गेले, डिसेंबरमध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे ‘ॲरिझोना’च्या स्मारकावर आले. दोघांनी मृतांना वंदन केलं, माफी कुणीच मागितली नाही. यात राजकारण होतं, हे उघडच आहे. पण मागितली असती, तरी ‘दिली’ म्हणायला पाण्याखालचं कोण उठणार होतं?

रिचर्ड फिस्क मात्र जिवंत होते. हल्ल्याच्या वेळी ते जवळच्याच ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर बिगुलवादक होते. पुढे कित्येक वर्षं जपानी माणसाबद्दलचा द्वेष त्यांच्या मनातून हलला नाही. १९९१ मध्ये, हल्ल्याच्या पन्नाशीला, त्यांना झेंजी आबे भेटले. त्या सकाळी ‘आकागी’ नौकेवरून उडालेले हे वैमानिक. आबेंनी फिस्कच्या हाती थोडे पैसे ठेवले आणि विनंती केली: दर महिन्याला स्मारकावर दोन गुलाब वाहा, एक तुमचा, एक माझा. फिस्क ते वाहत राहिले. गुलाब ठेवायचे आणि बिगुलावर ‘टॅप्स’ वाजवायचे. सैनिकाच्या अंत्यविधीला वाजते ती ही धून. पण छावणीत रात्री दिवे मालवायची वेळ झाली, की तीच वाजते.

यात विसरणं कुठेच नाही. विसरले असते, तर दर महिन्याला फुलं कशाला वाहिली असती? ज्यांनी आबेंसारख्यांचा हात कधीच हाती घेतला नाही, असेही सैनिक होते. त्यांना कोत्या मनाचे म्हणण्याचा हक्क काठावरच्या कुणाला नाही. द्रौपदीनं ‘सोडा’ म्हटलं, ते तिच्यापुरतं.

नऊशेहून अधिक जण अजून त्या जहाजातच आहेत. वाचलेल्यांपैकी चाळीसहून अधिक जणांनी, मेल्यावर आपल्या अस्थी तिथंच ठेवाव्यात, असं सांगून ठेवलं होतं. पाणबुड्यांनी ते कलश जहाजाच्या पोटात नेऊन ठेवले. टाक्यांत अजून लाखो लिटर तेल आहे. जहाज गंजत चाललंय, मोठी गळती झाली तर बंदराचं काय, ही चिंता खरी आहे. पण तेल उपसायचं तर कबरीला भोकं पाडावी लागतील. म्हणून जहाजाच्या पत्र्याची जाडी मोजली जाते, गंज तपासला जातो. थेंब वर येतच असतात.