पुन्हा करून पाहायची सवड



साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. अशाने मुले आळशी होतील, असे आपल्याला वाटेल. पण खोली कोणी झाडली हे मुलांना ठाऊक असे, आणि गुरुजींनी धरलेला झाडू हलका कसा मानायचा? आपणही मुलांची कामे करतो, पण "तू अभ्यास कर" असे म्हणून. त्यातून मूल एवढेच शिकते, की हाताचे काम हुशारांसाठी नाही.

नापास झालेल्या मुलाला निकाल म्हणजे सगळे संपले असे वाटते. कळण्याची भाकरी थापताना मोडली, तर पीठ पुन्हा मळता येते. कोथिंबीर उगवली नाही, तर धणे पुन्हा पेरता येतात. चुकले म्हणून जग बुडत नाही, हे डोक्याच्या आधी हात शिकतात.

मात्र इथे एक अडचण आहे. धुळे जिल्ह्यातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. कष्ट त्यांनाही पडतात. मग तीच खरी शाळा म्हणावी का? आम्हाला तसे वाटत नाही. तिथे चुकायची मुभा नसते. ऊस कमी तुटला की मजुरी कमी. पुन्हा करून पाहायला सवड आहे का, हाच आमच्या मते प्रश्न.

आणि ती सवड आपल्या घरी तरी कुठे असते? पहिलीच पोळी वाकडी झाली, की आपण मुलाच्या हातून लाटणे काढून घेतो.