उशी कुणाची?

आमचं बिऱ्हाड पुण्याहून नाशिकला हललं, तेव्हा सामानाचा राखणदार म्हणून मी ट्रकच्या केबिनमध्ये बसलो. पाठीशी माझी खास उशी. कचेरीत बसून बसून मला ‘पाठ’ झालेली आहे. डॉक्टरांनी बजावलंय, पोक काढून बसलं की मणक्यांमधल्या चकत्यांवर भार येतो.

ड्रायव्हरच्या सीटमधून काथ्या डोकावत होता. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. क्लच दाबायला तो पुढे सरके की गुंडाळी घसरे. खालून इंजिनाची थरथर चालूच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला साधारण आठ तासांची मर्यादा घातली होती. पण कायदा काही केबिनमध्ये येऊन बसत नाही.

“पाठ दुखत नाही का हो?”

“दुखते की साहेब. पण गाडी थांबल्यावर.”

आता उशी कुणाची? पैसे मी मोजलेले, सबब माझी. पण ज्याच्या कण्यावर माझा अख्खा संसार चालला होता त्याला टॉवेल, आणि नुसतं बसून राहिलेल्याला कापूस? चाकणपासून नारायणगावपर्यंत मी विचार केला. (विचार करायला पाठीला उशी लागतेच.) आळेफाट्याला चहा झाल्यावर अखेर ती पुढे केली.

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि मागे जाऊन ती आमच्या आरशाच्या कपाटाला लावून आला. “मघापासून वाजत होतं.”