फळ कोणाचे? शिक्षकाच्या कामाचे मोजमाप आणि कर्तृत्वाचा प्रश्न

शाळेतील शिक्षकाची उत्पादकता कशी मोजावी आणि कशी वाढवावी, हा प्रश्न आज अर्थशास्त्राचा व प्रशासनाचा समजला जातो. उत्पादकता म्हणजे ठरावीक वेळ, श्रम व पैसा खर्ची पडल्यावर हाती येणाऱ्या निष्पत्तीचे प्रमाण. कापडगिरणीत हे प्रमाण काढताना कापड विणले कोणी याविषयी वाद होत नाही, कारण सुताला स्वतःची इच्छा नसते. शिकणे मात्र शिकणाऱ्याच्या ठिकाणी घडते आणि त्याने मनावर घेतल्याशिवाय घडतच नाही. त्यामुळे मोजमापाच्या तंत्राकडे वळण्यापूर्वी एका जुन्या तात्त्विक प्रश्नाला सामोरे जावे लागते: एकाच्या ठिकाणी घडून आलेल्या बदलाचे कर्तृत्व दुसऱ्याकडे कोणत्या आधाराने आणि कितपत सोपवायचे?

ॲरिस्टॉटलने आपल्या भौतिकशास्त्रविषयक ग्रंथात शिकवणे आणि शिकणे यांचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादन केले आहे, की या दोन क्रिया संकल्पनेने भिन्न असल्या तरी प्रत्यक्षात घडणारी घटना एकच असते आणि ती शिकणाऱ्यात घडते. हे मान्य केले तर विद्यार्थी काहीच शिकला नसताना शिकवणे मात्र पार पडले, असे म्हणता येणार नाही. पण त्याचबरोबर शिकवण्याचे मोल शिक्षकाजवळ नव्हे तर विद्यार्थ्याजवळ शोधावे लागेल. प्लेटोच्या संवादातील प्रोटॅगोरस या सोफिस्ट शिक्षकाने यातून व्यवहारी वाट काढलेली दिसते. त्याने सांगितलेले शुल्क विद्यार्थ्याला जास्त वाटले, तर त्याने देवळात जाऊन शपथेवर आपल्याला झालेल्या लाभाचे मोल सांगावे आणि तेवढेच द्यावे, अशी त्याची रीत होती. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात या रीतीचा उल्लेख करून पुढे असे म्हटले आहे, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचे ऋण पैशात मोजता येत नाही. देवांचे आणि आईवडिलांचे जसे यथाशक्ती फेडायचे, तसेच तेही. याच ग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध करणारे सर अलेक्झांडर ग्रँट 1865 ते 1868 या काळात मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक होते, आणि सरकारी अनुदानाचा संबंध परीक्षेच्या निकालाशी जोडण्याची पद्धत इलाख्यात रुजली ती त्याच दशकात, हा योगायोग मोठा बोलका आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत चतुर मांडणी एखाद्या शास्त्रग्रंथात नव्हे, तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात आढळते. विदिशेच्या राजवाड्यातील गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो आणि निवाड्यासाठी परिव्राजिका कौशिकीला नेमले जाते. स्वतःच्या अंगी कला असणे आणि ती दुसऱ्याच्या ठिकाणी उतरवता येणे या दोन वेगळ्या शक्ती असून ज्याच्याजवळ दोन्ही आहेत त्यालाच आचार्यांत अग्रस्थान द्यावे, असे तत्त्व तेथे मांडले जाते आणि म्हणून परीक्षा आचार्यांची न घेता त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगाची घ्यावी असे ठरते. राणी धारिणी मात्र नेमकी शंका घेते, की मंदबुद्धी शिष्येने उपदेश बिघडवला तर तो आचार्याचा दोष कसा? त्यावर उत्तर मिळते, की अपात्र शिष्य पत्करणे हेही आचार्याच्या बुद्धीची उणीव दाखवते. हे उत्तर दरबारी नाट्याचार्याला लागू पडते, कारण शिष्य निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. सरकारी शाळेतील शिक्षकाला ते नसते आणि सार्वत्रिक शिक्षण देणाऱ्या समाजात ते असताही कामा नये. शिवाय या परीक्षेमागचा खरा हेतू गुणवत्तेचा नाहीच. राजाला गणदासाची शिष्या मालविका पाहता यावी म्हणून विदूषकाने हा कलह घडवून आणलेला आहे. मूल्यमापनाची यंत्रणा उभी करणाऱ्याचा हेतू कोणता, हा प्रश्न कालिदासाने हसत हसत प्रेक्षकांपुढे ठेवला आहे आणि तो अद्याप शिळा झालेला नाही.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त याच्या विरुद्ध टोकाची भूमिका येते. गुरू तल्लख आणि मंद अशा दोघांनाही विद्या सारखीच देतो, त्यांची ग्रहणशक्ती तो निर्माणही करत नाही आणि नष्टही करत नाही, तरी फळात मोठे अंतर पडते, असे तेथे आत्रेयी सांगते. हे मत सुभाषितासारखे वारंवार उद्धृत होते. ते उच्चारणारी व्यक्ती कोण आहे, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आत्रेयी ही वाल्मीकींच्या आश्रमात कुश आणि लव यांच्या बरोबरीने शिकताना मागे पडलेली आणि म्हणून तो आश्रम सोडून दुसरीकडे विद्या शोधायला निघालेली विद्यार्थिनी आहे. गुरूने सर्वांना सारखेच दिले, हे गुरूला निर्दोष ठरवणारे विधान येथे मागे राहिलेल्या शिष्येच्याच तोंडी आहे. ते उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ज्या व्यवस्थेत मागे पडणारे मूल स्वतःलाच अपात्र मानून निघून जाते आणि शिक्षकाला काहीही विचारले जात नाही, ती व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

म्हणजे एका बाजूला सर्व फळ शिक्षकाच्या खात्यावर मांडणारा विचार आहे, तर दुसऱ्या बाजूला सर्व फळ शिष्याच्या पात्रतेवर टाकणारा. आधुनिक संख्याशास्त्राने यांच्या मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला, त्याला मूल्यवर्धन पद्धती म्हणतात. विद्यार्थ्याचे आधीच्या वर्षांचे गुण व इतर माहिती यांवरून त्याला यंदा किती गुण मिळावेत याचा अंदाज बांधायचा, प्रत्यक्ष गुण आणि हा अंदाज यांतील फरक काढायचा आणि वर्गातील सर्व मुलांच्या अशा फरकांची सरासरी शिक्षकाचा वाटा म्हणून धरायची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. कृषिक्षेत्रातील संख्याशास्त्राचा अनुभव असलेल्या विल्यम सँडर्स यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील टेनेसी राज्याने 1992 च्या कायद्याने ही पद्धत स्वीकारली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. 2014 मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मात्र असे नमूद केले, की बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील एकूण तफावतीपैकी 1 ते 14 टक्के तफावतच शिक्षकांमुळे पडते. त्याआधी 2010 मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी या पद्धतीची एक मार्मिक कसोटी घेतली होती. पाचवीचे शिक्षक त्याच मुलांच्या चौथीतील प्रगतीवर ‘परिणाम’ करतात, असे तिच्या आकडेमोडीतून निघते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि कारणाच्या आधी कार्य घडत नसल्यामुळे याचा अर्थ एवढाच, की कोणते मूल कोणत्या वर्गात बसते हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. धारिणीची शंका अशा रीतीने गणिताच्या भाषेत परत आली. दुसरीकडे राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 25 लाख मुलांच्या नोंदींचा माग काढून असा निष्कर्ष मांडला, की या मापाने चांगल्या ठरलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे पुढील शिक्षण आणि प्रौढपणीची कमाई काहीशी अधिक असते. कर्म आज संपते आणि त्याचे फळ फार उशिरा येते, मग मधल्या काळात त्या दोहोंना जोडणारे काय, या अडचणीसाठी मीमांसकांनी ‘अपूर्व’ ही संकल्पना मांडली, म्हणजे कर्मातून उपजून फळ मिळेपर्यंत टिकणारी अदृश्य शक्ती. शिक्षकाच्या कामात असे अपूर्व मानावेच लागते. वार्षिक परीक्षा त्याचा फार तर एक अंश पकडते.

येथे गीतेचा आधार दोन्ही पक्ष घेतात आणि बहुधा चुकीचा घेतात. दुसऱ्या अध्यायातील 47 वा श्लोक पुढे करून, शिक्षकाने आपले कर्म करावे आणि निकालाविषयी त्याला कोणी विचारू नये, असा युक्तिवाद सभासंमेलनांतून ऐकू येतो. न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेपासून काही वर्षे स्वतः शिक्षक असलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त या श्लोकाच्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री मानले आहे, आणि त्यांतील चौथा चरण कर्म न करण्याचा आग्रह धरू नये असे बजावतो. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्त्याच्या मनाला उद्देशून आहे. फळ तपासूच नये असा तो समाजाला दिलेला आदेश नाही. पण उलट बाजूने निकालावरून शिक्षकाला गुन्हेगार ठरवणाऱ्यांनाही गीतेत आधार सापडत नाही, कारण अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचे स्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव म्हणजे कोणाच्याही हाती नसलेला भाग, असे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असा निर्वाळा लगेच पुढे येतो. अध्यात्माच्या संदर्भात ‘अधिष्ठान’ म्हणजे शरीर हे खरे. तरी हे विश्लेषण शाळेला लावले तर गळके छप्पर आणि तीन इयत्तांची एकच खोली अधिष्ठानात येतील, पुस्तके आणि फळा करणांत, तर शेतमजुरीसाठी हंगामभर गाव सोडणारे कुटुंब शिक्षकाच्या दृष्टीने दैवात. कर्ता आणि चेष्टा ही दोनच कारणे शिक्षकाच्या अधीन आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोहोंविषयी त्याला काटेकोर जाब विचारण्याचा अधिकार सिद्ध होतो आणि उरलेल्यांविषयीचा जाब विचारणाऱ्याकडेच वळतो.

हा भेद न करता फळावर पैसे दिले की काय होते, याचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे. रॉबर्ट लो यांच्या 1862 च्या सुधारित संहितेनुसार शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या वार्षिक परीक्षेतील यश यांवर ठरू लागले. प्रत्येक विषयातील प्रत्येक नापास मुलामागे ठरावीक रक्कम कापली जाई. शाळा-निरीक्षक म्हणून आयुष्य घालवलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीला प्रारंभापासून विरोध केला. परीक्षेला नसलेले विषय मागे पडले, घोकंपट्टी वाढली आणि 1890 च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. हिंदुस्थानातही ती बाजूला सारल्याचे 1904 च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात नमूद झाले.

तरीही निकालाशी जोडलेला मोबदला नेहमीच घातक, असे म्हणणे घाईचे ठरेल. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांची सरासरी प्रगती 5 टक्क्यांपलीकडे गेली, की प्रत्येक टक्क्यामागे शिक्षकाला 500 रुपये अधिक दिले जात. दोन वर्षांत गणित आणि भाषा या दोन्हींत मुले पुढे गेली आणि ज्या विषयांना बक्षीस नव्हते त्यांतही ती मागे पडली नाहीत. शिक्षकांची गैरहजेरी मात्र घटली नाही. आलेले शिक्षक अधिक नेटाने शिकवू लागले, एवढाच फरक. केनियातील अशाच योजनेत बक्षिसाशी जोडलेल्या परीक्षेत गुण वाढले, सरावाचे तास वाढले, पण ती वाढ टिकली नाही. उदयपूर परिसरातील एकशिक्षकी अनौपचारिक केंद्रांत एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वेगळाच मार्ग घेतला. तेथे फळ न मोजता तारीखवेळ नोंदवणाऱ्या कॅमेऱ्याने हजेरी मोजली गेली, पगार तिच्याशी जोडला गेला आणि गैरहजेरी जवळपास निम्म्यावर आली. या तिन्हींपैकी सर्वांत साधे आणि तात्त्विकदृष्ट्या सर्वांत निर्दोष माप शेवटचे आहे, कारण वर्गात उपस्थित राहणे हे निःसंशय शिक्षकाचेच कर्म आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याला 45 तास आणि पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस ठरवून दिले. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना लावण्यास मनाई केली. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरणे, निरनिराळे अहवाल आणि सर्वेक्षणे यांत जाणारा वेळ कोणत्याही गोपनीय अहवालात शिक्षकाच्या बाजूने जमा होत नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकपदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, मोजली जाते ती मुलांची संख्या; म्हणून संख्याच फुगवली गेली आणि ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी करण्याची वेळ आली. जे मोजले जाते तेच पिकवले जाते.

महात्मा फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या गुंत्याचे जे उत्तर आहे, ते नंतरच्या पुष्कळ अहवालांपेक्षा समतोल आहे. खेड्यातील शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा किंवा वीस असावा, तो प्रशिक्षित आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, अशी त्यांची मागणी आहे. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्याला पगाराव्यतिरिक्त काही विशेष भत्ता द्यावा, असेही ते सुचवतात, म्हणजे फळाचा विचार ते टाळत नाहीत, फक्त पोट त्यावर टांगून ठेवत नाहीत. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एखाददुसरी भेट निरुपयोगी असून दर तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी आणि मधूनमधून ती आगाऊ सूचना न देता व्हावी, हे त्यांचे म्हणणे शिक्षकांना जितके अप्रिय, तितकेच खात्यालाही गैरसोयीचे होते, कारण कळवून आलेल्या साहेबाला शाळा सजवलेली दिसते, तर न कळवता आलेल्याला शिक्षकाच्या अनुपस्थितीबरोबर छपराचे भोकही दिसते.