दुसऱ्याची पाळी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगरांत, फ्लॉइड हे लहानसे गाव आहे. तेथील 'फ्लॉइड कंट्री स्टोअर' या दुकानात दर आठवड्याला गावकरी वाद्ये घेऊन वर्तुळ करून बसतात. केंटकीचे बिल मन्रो (१९११-१९९६) यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून ज्याला नाव पडले, ते ब्लूग्रास संगीत. त्याची रीत अशी की बँजो, मेंडोलिन, फिडल आळीपाळीने पुढे येतात. एकाची पाळी आली की इतर आपला आवाज उतरवतात.

अशा वर्तुळात एखादा नवशिका अडखळला तर जाणत्यांनी काय करावे? त्याच्यावर कडी करून गाणे सावरावे, की हात आखडून गप्प बसावे? आम्हांस दोन्ही उणे वाटते. पहिल्यात अहंकार आहे, दुसऱ्यात उपेक्षा. हलक्या हाताने ताल धरून ठेवावा, म्हणजे चुकलेल्याला परतायला जागा राहते. गाणे थोडे फिके होईल, हे खरे. ती किंमत मोजण्याजोगी आहे. जाणत्याची परीक्षा दुसऱ्याच्या पाळीतच होते. घरचे लेकरू शब्द शोधत असताना त्याचे वाक्य आपण किती वेळा स्वतःच पुरे करून टाकतो!