यादीतील नावे

दोन वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या मदतनिधीविषयी कुजबुज सुरू झाली. पैसे कोठे जातात? ठराविक घरांनाच का मिळतात? मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात असे बोलणे कानी येई. आम्हा समितीच्या मंडळींना राग आला आणि त्या रागात आम्ही संपूर्ण यादीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. नाव, गाव, रक्कम, मदतीचे कारण. कोणाचे डायलिसिस, कोणाच्या मुलीची फी; आणि एका घराच्या नावापुढे जे होते ते येथे पुन्हा लिहिणार नाही. संध्याकाळपर्यंत यादी आखातातल्या नातेवाइकांपर्यंत पोहोचली. त्या घरातील बाई पुढचे कित्येक रविवार मिस्साला दिसल्या नाहीत.

हिशेब मागणाऱ्यांचे चुकले होते का? मुळीच नाही. पैसा सर्वांचा होता. राजस्थानातील मजुरांनी तीस वर्षांपूर्वी हेच मागितले होते. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे मस्टर आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. अशा सुनावण्यांतून कधी कामावर न गेलेल्यांची, तर कधी मयत माणसांचीही नावे मस्टरवर असल्याचे उघड झाले. 1996 साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले, आणि अशा लढ्यांतूनच 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. सरकारला जाब विचारण्याची सोय गरिबाला मिळाली.

येथे आमची थोडी पंचाईत होते. नावे वाचली म्हणूनच ती चोरी सापडली. नुसते आकडे वाचले असते तर मेलेला माणूस मजुरी घेतो हे कोणाला कळले असते? मग आमच्या यादीने वेगळे काय केले? मस्टरवर ज्यांची नावे होती, तेच मजूर ते वाचून दाखवा म्हणत होते. आमच्या यादीतील कोणालाही आम्ही विचारले नव्हते. शिवाय देवळाच्या फळ्यावरचा कागद काढता येतो. हजार फोनांत गेलेला फोटो कसा काढणार?

सरकार मात्र आता दुसऱ्या टोकाला गेले आहे. पूर्वी माहिती अधिकारात खाजगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, हे पाहावे लागे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल अमलात आला. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हणणे नकाराला पुरते. जनहितासाठी ती देण्याची वेगळी तरतूद कायद्यात शिल्लक आहे, हे खरे. पण तो निर्णय ज्याला जाब विचारायचा त्याच्याच कचेरीत प्रथम होणार. गरिबाच्या अब्रूसाठी विणलेले पांघरूण साहेबाच्या अंगावर गेले, असे आम्हाला वाटते.

आणि बोट दुसऱ्याकडेच कशाला? अत्याचाराच्या प्रकरणांवरील धर्मसभेची गुप्तता पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2019 मध्ये उठवली. तोपर्यंत त्या गुप्ततेने पीडितांपेक्षा संस्थेलाच अधिक सांभाळले होते. पापनिवेदनाची गुप्तता मात्र कायम राहिली. तिथे दुबळा माणूस स्वतःविषयी बोलत असतो.

यंदाचा हिशेब दाराजवळच्या फळ्यावर लावला आहे. जमा, खर्च, किती घरांना मदत, एवढेच. नावांची वही पॅरिश ऑफिसात राहील. समितीबाहेरचे, वेगवेगळ्या गावांतील दोघे ती तपासतील आणि गरज वाटली तर त्या घरी जाऊन येतील. दोघांवर तरी विश्वास का ठेवावा, असे काहींनी विचारले. त्यावर आमच्याकडे पुरते उत्तर नाही, म्हणून ते दोघे दरवर्षी बदलतील. तयारी असलेल्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ऑफिसात नाव द्यावे.