भीती नेमकी कशाची?

१९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. पुढच्या काही दिवसांत त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणं थांबवलं. डॉक्टरांनी समजावलं, मोठमोठ्या मंडळींनी गळ घातली. विनोबा हलले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. ही आत्महत्या म्हणायची का, असा वाद झाला. त्या वादात मला फारसा रस नाही. मला कुतूहल आहे ते त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या धुळ्याच्या तुरुंगाचं. १९३२ साली तिथे दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आठव्या अध्यायावर बोलताना त्यांनी मरणाचं स्मरण ठेवण्याचा विषय काढला आणि एकनाथांची गोष्ट सांगितली. एक गृहस्थ नाथांना विचारतो, महाराज, तुमचं आयुष्य इतकं निर्मळ कसं? नाथ म्हणतात, माझं राहू दे, तुझं मरण सात दिवसांवर आलं आहे. सात दिवसांनी ते त्याला विचारतात, या आठवड्यात पाप किती केलंस? मरण समोर उभं असताना पापाचा विचार सुचणार कसा, असं त्याचं उत्तर.

म्हणजे सत्त्याऐंशीव्या वर्षी जगाला जे दिसलं, त्याची तालीम छत्तिसाव्या वर्षीही चालूच होती. आणि नेमक्या याच कारणासाठी, ‘बघा, मरण कसं असावं’ म्हणून विनोबांचं नाव पुढे करणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. बायकोमुलं नाहीत, घराचे हप्ते नाहीत, उशाशी जीव लावणारी माणसं, आणि पाठीशी अर्धशतकाचा सराव. अशा माणसाच्या मरणाकडे बघून चारचौघांनी हात जोडावेत हे ठीक, पण शिकायचं काय? नाथांच्या गोष्टीतला गृहस्थ सात दिवस निष्पाप राहिला. सात वर्षं राहिला असता का, हे गोष्ट सांगत नाही.

मरणाची भीती असं आपण एकवचनात बोलतो, तिथेच घोटाळा सुरू होतो असं मला वाटतं. ते एक गाठोडं आहे. त्यात दुखण्याची भीती आहे, श्वास कोंडण्याची आहे, अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हातून सगळं करून घ्यावं लागेल याची आहे. मुलगी अजून मार्गी लागलेली नाही, ही आहे. कुणाशी तरी तोडून टाकलेलं बोलणं तसंच राहील, ही आहे. आणि अगदी तळाशी, आपण नसू, म्हणजे कुठेच नसू, ही आहे. तत्त्वज्ञानाने बहुतेक सगळी शाई त्या तळाच्या भीतीवर खर्च केली. नचिकेता यमाला विचारतो तो प्रश्न तिचाच. आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही, मग भ्यायचं कुणी, असा एपिक्युरसचा युक्तिवाद, तोही तिच्यासाठीच. युक्तिवाद चोख आहे. पण रात्री कुशीवर वळताना ज्याच्या हाडात कळ उठते, त्याला तो ऐकवून बघावा.

भीती उतरते कशी, याचा शोध प्रयोगशाळांनी गेली शंभर वर्षं घेतला आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाबद्दल लिहिलं. पीटर हे त्याचं कागदोपत्री नाव. सशाला बघून तो किंचाळायचा. बाईंनी त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा लांब कोपऱ्यात ठेवायचा, असं सुरू केलं. रोज ससा थोडा जवळ. शेवटी पोरगं एका हाताने खात दुसऱ्या हाताने सशाला गोंजारू लागलं. फोबियावरचे आजचे उपचार बहुतांशी याच वाटेने जातात: पळू नका, पण एकदम उडीही मारू नका. यातला पुढे कळलेला भाग मात्र प्रेरणादायी व्याख्यानांत कुणी सांगत नाही. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर ‘इथे धोका नाही’ हा नवा धडा बसतो, इतकंच. जागा बदलली, काळ लोटला, एखादा धक्का बसला, की खालचं अक्षर पुन्हा वर येतं. म्हणून ‘भीतीवर विजय’ ही भाषाच मला संशयास्पद वाटते. हॉटेलच्या हिरवळीवर निखाऱ्यांवरून चालायला लावून दोन दिवसांत निर्भय करणाऱ्या शिबिरांबद्दल तर बोलायलाच नको.

एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईंची गोष्ट इथे सांगायला हवी. एका दुर्मीळ आजाराने त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग, म्हणजे भीतीचा जणू कारखाना, दोन्ही बाजूंनी निकामी झाला. संशोधक त्यांना सापांच्या दुकानात घेऊन गेले तर त्यांनी साप हातात घेऊन कौतुकाने न्याहाळला. भुताटकीचे खेळ करणाऱ्या जागेत नेलं तर त्या हसत पुढे निघाल्या. निर्भय माणूस कुठे असेल तर हाच, असं सगळ्यांना वाटलं. मग एका प्रयोगात त्यांना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली. बाई घाबरून ओरडल्या, तोंडावरचा मुखवटा ओढून काढू लागल्या. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. श्वास कोंडण्याची दहशत शरीरात कुठेतरी आणखी खोल बसलेली असते, आणि ती तिथे आहे म्हणून आपण जिवंत आहोत. तिच्यावर विजय मिळवणं शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही.

मग सोळा वर्षांच्या वेंकटरामनचं काय? १८९६चा जुलै, मदुराईतलं काकांचं घर, माडीवर एकटा बसलेला धडधाकट मुलगा. आजार नाही, अपघात नाही, आणि अचानक आपण मरतोय अशी जबर भीती. तो कुणाला हाका मारत खाली धावला नाही. हातपाय ताठ करून प्रेतासारखा पडला, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला आणि विचारू लागला, हे शरीर मेलं तर मी मेलो का? सहाएक आठवड्यांनी त्याने घर सोडलं, १ सप्टेंबरला तिरुवण्णामलैला पोचला आणि १९५० साली देह ठेवीपर्यंत तिथून हलला नाही. जग त्याला रमण महर्षी म्हणतं. जे घडलं त्याला आत्मज्ञान म्हणायचं की भीतीचा झटका, हा निवाडा मी करत नाही. माझं लक्ष जातं ते एका कृतीकडे: भीती आली तेव्हा तो तिच्या दिशेने गेला, तेही शरीराने. आधी आडवा झाला, प्रश्न नंतर विचारला. पीटरचा ससा मात्र इथे एका झेपेत मांडीवर येऊन बसला. हे हजारात एखाद्याला पेलतं. बाकीच्यांनी घरी करून बघू नये.

अर्नेस्ट बेकर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३च्या ‘द डिनायल ऑफ डेथ’मध्ये याच्या अगदी उलटं चित्र रंगवलं. माणूस मरणाकडे जात नाही. त्याची सगळी संस्कृती, कीर्ती, देश, धर्म, ही मरणाकडे पाठ फिरवून बांधलेली आहे. आपल्या गावोगावच्या कोनशिला, आजोबांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आणि चौकातले फ्लेक्स बघितले की बेकर महाराष्ट्रात राहून गेला होता की काय अशी शंका येते. पुस्तकाला १९७४ साली पुलित्झर मिळालं, त्याच्या थोडं आधीच बेकर कर्करोगाने वारला होता, वय ४९. त्याच्या शिष्यपरंपरेने हे प्रयोगांनी सिद्ध करायचं मनावर घेतलं. एका प्रयोगात न्यायाधीशांना आधी स्वतःच्या मरणाविषयी लिहायला लावलं, तर एका काल्पनिक आरोपी बाईसाठी त्यांनी सरासरी ४५५ डॉलरचा जामीन ठरवला. न लिहिलेल्यांनी ५० डॉलरचा. आकडा चटकदार आहे. पण याच सिद्धांताचा दुसरा एक गाजलेला प्रयोग अलीकडे एकवीस प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा अपेक्षित परिणाम काही हाती लागला नाही. बेकर मला कादंबरीकारासारखा वाचावासा वाटतो. तो माणसाबद्दल खरं सांगतो. ते मोजपट्टीत मावेलच असं नाही.

वेंकटरामन मदुराईत प्रेतासारखा पडला त्याच वर्षी, सप्टेंबरात, मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांना मुंबईत मांडवीच्या वस्तीत प्लेगचे रोगी सापडले. काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. पळणाऱ्यांना भ्याड म्हणणं सोपं आहे. औषध नसलेल्या रोगापासून पळणं हीच त्या घडीची अक्कल होती. पण काही जण थांबले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली स्वतःला टोचून घेतली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. ते पोर पाठीवर घेताना त्यांना भीती वाटली नसेल का? मला तर वाटतं, वाटली असेल. पासष्टी ओलांडलेली बाई, प्लेग म्हणजे काय हे रोज डोळ्यांनी बघणारी. पण पोर उचलायचं होतं. हाफकिनना तापाची वेळ टिपून ठेवायची होती. भीतीला घराबाहेर काढण्यात दोघांनीही वेळ घालवलेला दिसत नाही.

आणि काही भीती अशा असतात की त्या मनातून काढण्यापेक्षा जगातून काढाव्यात. कोकणातल्या लाल विंचवाची भीती त्यातली. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा विंचू चावून धडधाकट माणसं, विशेषतः मुलं, फुफ्फुसात पाणी भरून दगावत. मंत्र, उतारे, सगळं चाले. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून विष हृदयावर काय करतं ते टिपलं, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं. शंभरात तीस-चाळीस मरत, तिथे मरणाचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. कोकणी माणूस काही त्या दशकात एकाएकी शूर झाला नाही. गोळी आली.

मरणाच्या गाठोड्यातल्या दुखण्याच्या भीतीवरही गोळी आहे, ती मॉर्फिनची. आणि इथे आपला इतिहास लाजिरवाणा आहे. जगातली बरीचशी कायदेशीर अफू भारतात पिकते. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की औषधाच्या दुकानांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सुधारला. डॉक्टरांच्या मनातली धास्ती त्याच वेगाने सुधारलेली नाही. मधल्या काळात कर्करोगाने कण्हत गेलेल्यांची गणती कोण करणार? आत्मा अमर आहे हे सांगायला प्रत्येक गल्लीत माणूस मिळत होता, आणि चार तासांनी घ्यायची गोळी जिल्ह्यात मिळत नव्हती. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभं राहिलं, मरणासन्न कर्करुग्णांसाठी देशातलं पहिलं. अध्यात्मावरच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा त्या एका इमारतीने मरणाची भीती जास्त उतरवली असेल, असं मी बेधडक म्हणेन.

खिळून पडण्याची भीती आता सगळ्यात बोलकी झाली आहे. ‘मरणाचं काही नाही हो, चालताबोलता उचललं म्हणजे झालं’, हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या बाकावर ऐकू येतं. यावर निम्मं उत्तर कायद्याने दिलंय. शुद्ध हरपल्यावर आणि बरं होण्याची आशा संपल्यावर केवळ यंत्रांवर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मृत्युपत्र करणारे आपण पुष्कळ, कारण त्यात फ्लॅट असतो. हा कागद करणारे किती? घरात विषय काढायचा तर सणासुदीला अभद्र बोलू नको, असं कुणीतरी म्हणतंच. आणि सण कोणता? धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी लावायचा, चतुर्दशीला यमतर्पण करायचं, भाऊबीज तर यमाने बहिणीकडे जेवायला जाण्याचीच तिथी. इतकं त्याचं नाव घेणाऱ्या घरात वडिलांना विचारता येत नाही, की बाबा, व्हेंटिलेटर लावायचा का? विचारलं नाही म्हणजे मग तो प्रश्न रात्री दोन वाजता, आयसीयूच्या दारात, तीन भावंडांपुढे येतो, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो आत नळ्यांत असतो.

राहता राहिली तळाची ती भीती, आपण कुठेच नसू ही. तिच्यावर गोळी नाही, नोटरीही नाही. विनोबांची गेली असावी, रमणांची सोळाव्या वर्षी गेली म्हणतात. माझी गेलेली नाही, आणि ती जावी म्हणून मी फार धडपडतो असंही नाही. पण इतकी वर्षं मी जिला मरणाची भीती समजत होतो, तिच्यातला बराच भाग अंथरुणाचा, दुखण्याचा आणि न केलेल्या फोनचा निघाला. फोन करता येतो, कागद करता येतो, मॉर्फिन मिळतं का ते जिल्हा रुग्णालयात विचारता येतं. त्यानंतर जी उरेल, तिच्याशी नचिकेत्याच्या भाषेत बोलायला मी तयार आहे.